चालवून घेणें

स्वयंपाकघरांतील सुरी बोथट झाली म्हणजे तिच्याविषयीं कोणी सभा भरवीत नाहीं. घरांतील वडील मंडळी तिची चौकशी करीत नाहींत, खर्चाच्या वहींत तिची नोंद होत नाहीं, आणि जिच्या हातीं ती सुरी दिवसांतून दोन वेळां असते तीहि विचारल्यास बहुधा एवढेंच सांगते, कीं 'चालते आहे अजून.' हें उत्तर आपणां सर्वांच्या इतकें परिचयाचें आहे, कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. तथापि आमच्या मतें या तीन शब्दांत नीतिशास्त्रांतला एक अवघड प्रश्न दडून बसला आहे. गैरसोय निमूटपणें चालवून घेणें हा सद्गुण समजावा कीं दोष समजावा? एका बाजूनें पाहतां त्यांत संतोष आहे, सहनशीलता आहे, काटकसर आहे. दुसऱ्या बाजूनें पाहतां त्यांतच आळस आहे, उपेक्षा आहे, आणि क्वचित् उघड अन्यायहि आहे. एकाच वागणुकीस हीं दोन परस्परविरुद्ध नांवें कशीं मिळतात, आणि त्यांपैकीं खरें नांव कोणतें हें कशावरून ठरवावें, याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असल्या प्रश्नांची चर्चा मोठमोठ्या उदाहरणांनीं करण्याची वहिवाट आहे. प्रजेनें जुलूम कोठवर सोसावा, शिष्यानें गुरूचा अपराध कोठवर पोटांत घालावा, अशा उदाहरणांत वक्तृत्वाला वाव पुष्कळ मिळतो, आणि म्हणूनच त्यांत सत्याची परीक्षा करणें कठीण जातें. सुरी, विळी आणि कात्री यांचें तसें नाहीं. सुरीला धार आहे कीं नाहीं हें पिकलेला टोमॅटो एका क्षणांत सांगतो, व त्याच्यापुढें कोणाचेंहि पांडित्य चालत नाहीं. यासाठीं आम्ही हें लहान उदाहरण घेतलें आहे. विषय हलका आहे म्हणून नव्हे.

प्रथम बोथटपणा म्हणजे काय तें पाहूं. पात्याच्या दोन बाजू उतरत उतरत जेथें एकमेकींस मिळतात त्या रेषेस आपण धार म्हणतों. ही रेषा जितकी बारीक, तितका हाताचा जोर अल्प जागेवर एकवटतो आणि वस्तु चिरली जाते. नित्याच्या वापरानें ही रेषा तीन प्रकारांनीं बिघडते. कधीं ती एका अंगास मुडपते, कधीं झिजून वाटोळी होते, आणि कधीं हाडावर अगर करवंटीवर आपटून तिचे बारीक कण उडतात. लिंबू, चिंच, कैरी यांच्या आम्लानें साध्या पोलादाची धार खाल्ली जाते ती वेगळीच. त्यांत ओट्याच्या दगडावर किंवा स्टीलच्या ताटांत भाजी चिरण्याची संवय असली, तर लांकडी पाटावर पुष्कळ दिवस टिकणारी धार तेथें थोडक्या दिवसांत नाहींशी होते.

परंतु सुरी बोथटली म्हणून कांदा चिरावयाचा राहत नाहीं, आणि जेवणाची वेळहि सुरीच्या सोयीनें ठरत नाहीं. अर्थात् पोलादाचें जें उणें झालें तें कोणीतरी भरून द्यावें लागतें, आणि तें मनगट भरून देतें. धार गेलेल्या सुरीवर अधिक दाब द्यावा लागतो; अधिक दाबानें ती घसरण्याचा संभव वाढतो; आणि घसरलेली बोथट सुरी कांद्यापुढें हात टेकीत असली, तरी बोटाला जखम करण्याइतकी धार तिला उरलेली असतेच. शिवाय बोथट पातें कांद्याच्या पेशी चिरण्याऐवजीं चेंगरतें. त्यामुळें त्यांतला झोंबणारा वायु अधिक सुटतो व डोळ्यांतून पाणीहि अधिक येतें. म्हणून बोथटपणा हें एक प्रकारचें कर्ज आहे असें आम्ही समजतों. तें निघतें सुरीच्या नांवानें आणि फेडावें लागतें माणसाच्या हातानें.

आतां हें कर्ज फेडतें कोण? आपल्या बहुतेक घरांत सुरी विकत आणणारा हात आणि तिनें भाजी चिरणारा हात हे एकाच देहाचे नसतात. जेवणाऱ्याच्या ताटांत भाजी येते तेव्हां तिच्या फोडींवर बोथटपणाची खूण फारशी उरलेली नसते. चिरणारीच्या डोळ्यांतलें पाणी तर त्याला मुळींच दिसत नाहीं. या ठिकाणीं पाट्यावरवंट्याचें उदाहरण मोठें बोधप्रद आहे. ज्या काळीं घरोघर पाट्यावर वाटण होत असे, त्या काळीं पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारावरून हाक देत जात, आणि गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून घेण्यास सहसा कोणी विलंब करीत नसे. कारण उघड आहे. पाटा गुळगुळीत झाला कीं वाटण जाडेंभरडें राही, आणि तें जेवणाऱ्याच्या जिभेस तत्काळ कळे. विळीचा बोथटपणा जिभेस कळत नाहीं. तो फक्त हातास कळतो. ज्या दोषाची झळ जेवणाऱ्यास लागते त्याची दाद लवकर लागते, आणि ज्याची झळ रांधणाऱ्यासच लागते तो दोष 'चालतो.' कचेरींतलें यंत्र बिघडलें तर दुरुस्ती करणारा मनुष्य त्याच दिवशीं बोलावला जातो, कारण तेथील खोळंब्याची किंमत कोणीतरी पैशांत मोजीत असतो. स्वयंपाकघरांतील वेळ कोणी मोजीत नाहीं, म्हणून तेथील बिघाडहि बिघाड ठरत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल, कीं जिला त्रास होतो तीच जर तक्रार करीत नाहीं, तर तिच्या वतीनें आपण दुःख कां करावें? आक्षेप वरवर पाहतां निरुत्तर करणारा आहे. परंतु तक्रार नसणें आणि त्रास नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्षानुवर्षें ज्या अडचणीची कोणी विचारपूस केली नाहीं ती अडचण बोलून दाखविण्याची संवयच मोडून जाते; आणि मग 'चालते आहे' हा संतोषाचा उद्गार न राहतां, विचारून उपयोग नाहीं या अनुभवाचा तो सारांश होतो. दोहोंपैकीं खरें कोणतें हें ओळखण्याचा उपाय अगदीं सोपा आहे. त्याच हातांत आठ दिवस धारेची सुरी द्यावी, आणि नवव्या दिवशीं जुनी बोथट सुरी पुढें करून पुन्हा विचारावें. त्यानंतरहि 'हीच बरी' असें उत्तर आलें, तर तो खरा संतोष. त्यास आम्ही आदरपूर्वक नमस्कार करूं. मात्र ही परीक्षा घेण्यापूर्वींच दुसऱ्याच्या संतोषाची साक्ष आपण देणें हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. संतोषाची साक्ष ज्याची त्यानेंच द्यावी.

मग आपल्या वाडवडिलांनीं थोडक्यांत संसार केले, आहे त्यांत भागविलें, तें सर्व दोषास्पद होतें काय? मुळींच नाहीं. येथें एक भेद करावयास पाहिजे, आणि हा भेदच आमच्या सर्व विवेचनाचा गाभा आहे. चालवून घेणें दोन प्रकारचें असतें: एक साधनांत, दुसरें फळांत. सुरीला धार लावण्यासाठीं चांगला दगड नाहीं, म्हणून चहाच्या कपाच्या बुडावर ती घासली, हें साधनांत चालवून घेणें झालें. सुरीला धार नाहीं, म्हणून बोथट सुरीनेंच वर्ष काढलें, हें फळांत चालवून घेणें झालें. पहिल्या प्रकारांत मनुष्य उणीव स्वतःच्या युक्तीनें भरून काढतो. दुसऱ्यांत ती कोणाच्या तरी सोसण्यानें भरून काढतो. पहिल्यास काटकसर म्हणावें, दुसऱ्यास उपेक्षा. बोलतांना मात्र दोन्हींस आपण एकच क्रियापद लावतों, आणि पहिल्याची कीर्ति दुसऱ्यास फुकट मिळते.

हा भेद तर्कानें सांगण्यापेक्षां हातानें करून पाहिल्यास अधिक पटतो, म्हणून थोडें तपशिलांत शिरतों. चिनी मातीचा कप उपडा घातला म्हणजे त्याच्या बुडाशीं एक खरखरीत कडें दिसतें. बाकीच्या कपावर काचेसारखी झिलई असते. पण भट्टींत कप खालच्या फळीस चिकटूं नये म्हणून या कड्यावर ती राहूं देत नाहींत. उघडी राहिलेली ही भाजलेली माती पोलादाला पुरून उरते. फ्रीड्रिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याच्या ज्या दहा पायऱ्या ठरविल्या, त्यांवर गारेचा दगड ७ व्या आणि कुरुंद ९ व्या पायरीवर येतो. स्वयंपाकाच्या सुरीचें पोलाद सामान्यतः ६ च्या आसपास असतें. धार लावणाऱ्याच्या चाकांत कुरुंदासारखे फार कठीण कण असतात. कपाच्या कड्याची कठिणता तितकी नसते, पण घरच्या कामाला ती पुरते.

कप ओल्या फडक्यावर उपडा ठेवावा, म्हणजे तो सरकत नाहीं. कड्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. पातें कड्यावर सुमारें २० अंशांच्या कोनांत टेकावें. हा कोन मोजण्यास कंपासपेटी नको. कागदाचा काटकोनी कोपरा एकदां दुमडला कीं ४५ अंश होतात आणि पुन्हा दुमडला कीं साडेबावीस. तेवढें डोळ्यांत भरून घेतलें म्हणजे झालें. मग जणूं त्या कड्याचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीनें, धार पुढें ठेवून, मुठीपासून टोंकापर्यंत पातें हलक्या हातानें ओढावें. जोर वाढला तरी चालत नाहीं आणि कोन बदलला तरी चालत नाहीं. आठदहा वेळां असें केल्यावर पात्याच्या दुसऱ्या अंगावरून बोट धारेकडे व तिच्या बाहेर अलगद नेऊन पाहावें; धारेच्या लांबीवरून मात्र बोट कधींहि फिरवूं नये. त्या अंगास बारीक खरखरीत तार उमटलेली लागली, म्हणजे घासणी थेट धारेपर्यंत पोंचली असें समजावें; लागली नाहीं तर आणखी घासावें. नंतर दुसरें अंग तसेंच घासावें, आणि शेवटीं दोन्ही अंगें आळीपाळीनें. जुन्या कातडी पट्ट्याच्या आंतल्या बाजूवर, किंवा तोहि नसल्यास घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर, धार मागें ठेवून पातें कांहीं वेळां ओढलें कीं उरलेली तार निघून जाते. सुरी धुवून पुसली कीं काम संपलें. त्यास दहा मिनिटें लागतात, आणि खर्च कांहींच नाहीं.

ही शेवटची क्रिया कांहीं आजकालची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रें पाजविण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि धार नीट राखण्यासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी सांगितली आहे. त्याच ठिकाणीं कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी याचेंहि माप दिलें आहे: भेदन करणाऱ्या शस्त्राची मसुरेच्या दाण्याइतकी, खरडण्याच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, वेध करणाऱ्याची केसाइतकी आणि छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाइतकी. धार म्हणजे निव्वळ तीक्ष्णता नव्हे, तर कामाला शोभेल इतकी तीक्ष्णता, हा विवेक त्यांत आहे. नारळ फोडण्याच्या कोयत्याला वस्तऱ्याची धार लावणें हाहि एक मूर्खपणाच होय.

विळीच्या बाबतींत क्रम उलटा करावा लागतो. तिचें पातें पाटांत पक्कें बसविलेलें असल्यामुळें पातें दगडाकडे न नेतां दगड पात्याकडे न्यावा लागतो. लांकडाच्या ठोकळ्यास पॉलिशपेपर गुंडाळून, बोटें धारेच्या मागें ठेवून, पात्याच्या वळणाबरोबर तो फिरवावा. कात्रीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिचीं दोन पातीं एकमेकांस घासून जातात म्हणून ती कापते. यास्तव पात्याचा बाहेरचा अरुंद उतार तेवढा, त्याच्या मूळच्या उभ्या कोनांतच, घासावा, आणि आंतल्या सपाट बाजूस कदापि हात लावूं नये. ती बाजू बिघडली कीं कात्री फुकट गेली. पुष्कळदां तर कापड पात्यांमध्यें मुडपतें त्याला धार नव्हे, तर ढिला खिळा कारण असतो. तो आवळला म्हणजे झालें. धारच थोडी गेली असेल तर पॉलिशपेपरची घडी घालून ती कात्रीनें आठदहा वेळां कापावी. त्याच्या कणांनीं थोडी धार येते.

परंतु येथेंच एका गोष्टीविषयीं सावध करणें अवश्य आहे. पोळ्या गुंडाळण्याचा अल्युमिनियमचा चकचकीत कागद घड्या घालून कात्रीनें कापला, अथवा काचेच्या बाटलीच्या गळ्याशीं कात्री चालविली, म्हणजे नवी धार येते असा एक समज सर्वत्र पसरलेला आहे. अल्युमिनियम पोलादाहून पुष्कळ मऊ. मऊ पदार्थानें कठीण पदार्थ झिजून धार कशी यावी? होतें तें एवढेंच, कीं पात्यास चिकटलेला मळ निघतो, मुडपलेले बारीक कंगोरे थोडेबहुत सरळ होतात, आणि चार दिवस कात्री बरी चालते. मुडपलेली धार सरळ करणें हेंहि एक उपयुक्त काम आहे, आणि तें त्याच नांवानें केलें तर आमची तक्रार नाहीं. परंतु त्यास धार लावणें म्हणणें म्हणजे व्याज भरून मुद्दल फिटलें असें समजणें होय. साधनांत चालवून घ्यावें, फळांत चालवून घेऊं नये, हें वर सांगितलें. आतां त्यास एवढें जोडावें, कीं साधनांत चालवून घेतांना फळाची परीक्षा अधिकच कडकपणें करावी. कारण युक्ति साधल्याचा आनंद इतका गोड असतो, कीं मूळ काम झालें कीं नाहीं हें पाहण्याचें भान राहत नाहीं. कपावर घासलेली सुरीहि टोमॅटोपुढें नेऊन उभी करावी, आणि जिला ती वापरावयाची आहे तिच्या हातीं ती परीक्षा सोंपवावी.

कित्येकांच्या मनांत धार या गोष्टीविषयींच एक अढी असते. तीक्ष्ण तें क्रूर, बोथट तें निरुपद्रवी, असें त्यांस वाटतें; मुलांमाणसांच्या घरांत बोथट सुरीच बरी असेंहि ते म्हणतात. मुलांच्या हातीं लागूं नये यासाठीं सुरी उंच ठेवावी हें ठीक. पण तिच्या बोथटपणावर मुलांचें रक्षण सोंपविणें हें कुलूप न लावतां चोराच्या आळसावर विसंबण्यासारखें आहे. राहतां राहिला क्रूरतेचा प्रश्न. ज्यू धर्मशास्त्रांत जनावर कापण्याची सुरी कापण्यापूर्वीं व नंतरहि बोटावर आणि नखावर फिरवून तपासावी लागते, आणि तीत बारीकसा खांडा आढळला तरी ती सुरी चालत नाहीं. आपल्या कोकणांत शतकानुशतकें राहिलेला मराठीभाषी बेने इस्रायल समाज याच धर्माचा. इस्लामी परंपरेंतहि जनावर कापावयाचें असेल तर सुरीला नीट धार लावावी व त्या जिवाचे हाल वांचवावे, असा उपदेश हदीसमध्यें आहे. मांसाहार करावा कीं न करावा हा वाद येथें आम्हांस करावयाचा नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं या धर्मकारांनीं धारेचा विचार कापणाऱ्याच्या सोयीनें केला नाहीं, तर जो सोसणार त्याच्या बाजूनें केला. आणि त्या बाजूनें पाहतांच बोथटपणा हीच क्रूरता ठरली. सुश्रुताची अर्ध्या केसाची धारहि रोग्याच्या बाजूनेंच मोजलेली आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. सायकलीवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणारा धारवाला अद्यापि आपल्या शहरांतून दिसतो. शिकलगार हें आडनांव धारण करणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत, आणि शस्त्रें पाजविणें हा त्या नांवाचा मूळ अर्थ आहे. प्रत्येकानें घरींच कप उपडा घातला, तर या लोकांनीं खावें काय? याचें उत्तर असें, कीं कपाची शक्ति मर्यादित आहे. पात्याचा खांडा गेला, धारेमागचा भाग जाड झाला, किंवा कात्रीच्या पात्यांचा मेळ बिघडला, तर तें काम चाकाचें व जाणत्या हाताचें आहे. करवतीसारख्या दातांची सुरी तर कपावर घासूंच नये. ज्या घरांत सुरीला धार लावण्याची संवय आहे तेंच घर धारवाल्याची हाक ऐकून दार उघडतें; ज्या घरास धार म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं तें घर बोथट सुरी वापरीत राहतें किंवा फेंकून देतें. धारवाल्याचा खरा वैरी कप नव्हे, फेंकण्याची संवय हा होय. हॅरी ब्रियर्ली यानें १९१३ सालीं शेफील्ड येथें न गंजणारें पोलाद तयार केलें, तेव्हांपासून न गंजणारें म्हणजे निगा न लागणारें अशी एक भ्रांति हळूहळू रूढ झाली. गंजत नाहीं तें बोथटतच नाहीं असें थोडेंच आहे? याच्या उलट मेरठची कात्री पाहावी. २०१३ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें; पण तिची खरी कीर्ति आजोबानें घ्यावी व नातवानें वापरावी अशा अर्थाच्या तिकडील म्हणींत आहे. ही कात्री नातवापर्यंत पोंचते ती झिजत नाहीं म्हणून नव्हे, तर पुनः पुन्हा तिला धार लावतां येते म्हणून.

तरीहि धार लावणें ही गोष्ट निव्वळ लाभाची नाहीं. प्रत्येक वेळीं पात्याचा थोडा अंश कायमचा जातो. जुन्या घरांतल्या विळीचें पातें किती अरुंद झालेलें असतें तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें सांगावयास नको. इतकेंच नव्हे, तर धार काढण्याचा भारहि कधीं कधीं परक्याच्या देहावर पडतो. १९ व्या शतकांत शेफील्डमध्यें कोरड्या दगडावर काटे घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची व पोलादाची धूळ जाऊन त्यांस असाध्य विकार जडे, आणि त्यांपैकीं पुष्कळजण ऐन तारुण्यांत मरत. दगड ओला ठेवल्यास धूळ कमी उडते. म्हणून कपावर टाकावयाच्या त्या चार थेंबांनाहि आम्ही क्षुल्लक समजत नाहीं. फार धार लावावी लागूं नये अशा रीतीनें सुरी वापरणें हें धार लावण्यापेक्षांहि श्रेष्ठ आहे. च्वांग्-त्झ या चिनी तत्त्वज्ञाच्या नांवाच्या ग्रंथांत एका खाटकाची कथा आहे. सामान्य खाटीक दरमहा सुरी बदलतो, चांगला खाटीक दरसाल बदलतो. याची सुरी मात्र १९ वर्षें नुकतीच दगडावरून उतरल्यासारखी राहिली, कारण ती हाडांवर न आपटतां सांध्यांमधल्या मोकळ्या जागेंतूनच फिरत असे. इतकें कौशल्य आम्हां सामान्यांस नको. ओट्याच्या दगडाऐवजीं लांकडी पाट घेतला, लिंबू कापतांच पातें धुवून पुसलें, आणि सुरी भांड्यांच्या ढिगांत न टाकतां वेगळी ठेवली, तर त्या खाटकाच्या वाटेवर चार पावलें टाकल्याचें पुण्य आपणांसहि लाभेल.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चालवून घेणें केव्हां सद्गुण आणि केव्हां दोष, हें ठरविण्यास आमच्या मतें तीन प्रश्न पुरे आहेत. या चालवून घेण्याची किंमत कोण देतो? ती देण्याविषयीं त्याला कोणीं विचारलें होतें काय? आणि हाताशीं असलेल्या साधनांनीं ती टळण्याजोगी होती काय? जो स्वतःची किंमत स्वतः, समजून देतो, आणि जिचा उपाय खरोखर हाताशीं नाहीं तीच गोष्ट सोसतो, त्याचा संतोष खरा. जेथें किंमत एकजण देतो आणि संतोषाची थोरवी दुसराच गातो, तेथें तो शब्द आपण उसना आणलेला असतो. घरांत, कचेरींत, शेतांत, कारखान्यांत, जेथें जेथें कोणाच्या हातीं बोथट साधन आहे आणि वर 'भागवून घ्या' असा उपदेश आहे, तेथें हे तीन प्रश्न विचारून पाहावे. उत्तरें बहुधा अवघड नसतात. अवघड असतें तें विचारणें.

खंडेनवमीस आपण शस्त्रांची पूजा करतों. ज्यांच्या घरीं तलवार नाहीं, आणि ती आतां बहुतेकांच्या घरीं नाहीं, ते विळी, सुरी, कात्री, अडकित्ता मांडून त्यांवर हळदकुंकू वाहतात, झेंडूचें फूल ठेवतात. ही चाल आम्हांस फार आवडते. ज्या वस्तूंवर वर्षभर आपलें पोट चालतें त्यांचें एक दिवस तरी स्मरण व्हावें हें उचितच आहे. आमची सूचना एवढीच, कीं आदल्या दिवशीं घरांतल्या पुरुषमाणसांनीं चहाचा एक कप उपडा घालून बसावें, आणि मग त्या धारेची परीक्षा ज्या हातांनीं करावयाची त्या हातांकडे विळी-सुरी द्यावी. झेंडूचें फूल दुसऱ्या दिवशीं वाहावें.